उबदार आवाज आणि चंद्रपूरचा मे महिना

आवाजाला ‘उबदार’ म्हणायची चाल ज्या कुणी पाडली असेल, त्याला मे महिन्यात चंद्रपूरला आणून आठ दिवस ठेवावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. त्याला चांगल्यापैकी लॉजवर उतरवावे, पंखाही द्यावा, आणि दुपारी दोनच्या सुमाराला पारा सत्तेचाळीसला टेकला की खोलीत जाऊन अदबीने विचारावे, “काय साहेब, ऊब कशी काय वाटते?”

हा शब्द मुळात थंड देशातला. तिथे सहा महिने बर्फ पडतो, त्यामुळे तिथल्या माणसाला जे जे आवडते ते ते उबदार असते. स्वागत उबदार, घर उबदार, मैत्री उबदार. आमच्याकडे कुणी पाहुण्याचे स्वागत उबदार केले तर तो पुढच्या गाडीने परत जाईल. आमच्याकडे चांगल्या गोष्टी गार असतात. आशीर्वादाने जीव थंड होतो, माठातले पाणी गार, शहाण्या माणसाचे डोके थंड. जे उबदार असते ते बहुधा आंबलेले तरी असते किंवा आजारी तरी. असे असताना आमचीच मुले, याच मातीत घामोळी काढून वाढलेली, डोळे मिटून म्हणतात, “काय वॉर्म टोन आहे!” तेव्हा माझ्या अंगाची लाही होते. (ही लाही उबेमुळे नव्हे.)

हा ‘वॉर्म टोन’ म्हणजे व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरचा आवाज. पन्नाशी ओलांडलेल्यांना व्हॉल्व्ह म्हणजे काय हे सांगायला नको. फळीवर क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेला तो रेडिओ आठवतो ना? बटण फिरवल्यावर मिनिटभर विचार करायचा आणि मग बोलायचा. त्याच्या पोटात ज्या काचेच्या लालसर डोळ्यांच्या नळ्या पेटत, त्या व्हॉल्व्ह. इंग्लंडात फ्लेमिंगने १९०४ साली पहिली नळी केली, अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ साली तिच्यात एक जाळी बसवली, आणि दुबळा आवाज मोठा करण्याची सोय झाली. पुढे १९४७ साली बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि नळ्यांचे दिवस भरले. घराघरातून व्हॉल्व्ह गेले. कंदील गेला, पाटा गेला, तसेच. पाट्यासाठी अजून रडणारे आहेत, पण ते स्वतः वाटण वाटत नाहीत. व्हॉल्व्हसाठी रडणारे मात्र तो विकत घेतात.

त्यांतला एक माझा सख्खा भाचा. पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, लग्न व्हायचे आहे, तेव्हा पैसा आहे आणि तो खर्च करायला वेळही आहे. गिटार वाजवतो. बरी वाजवतो. पण गिटार वाजवण्यापेक्षा ती कशातून वाजते याच्यावर त्याचा जीव. गेल्या वर्षी त्याच्याकडे गेलो तर बैठकीत सोफ्याच्या जागी तीन पेट्या. एक अमेरिकन घाटाची, दोन इंग्रजी घाटाच्या. आणि गंमत अशी की एकही जुनी नाही. सगळ्या नव्या कोऱ्या, पण जुन्यासारख्या केलेल्या. कापड जुन्या धर्तीचे, कोपऱ्यांना पितळ, मुठी कोंबडीच्या डोक्यासारख्या. नव्या सुनेला आजेसासूचे लुगडे नेसवून बसवावे तसा प्रकार.

“मामा, आता तुम्ही फक्त ऐका,” तो म्हणाला. मी ऐकले. पाहुण्याला दुसरे काय करता येते?

पहिल्या पेटीचा आवाज म्हणे ‘घंटेसारखा स्वच्छ’. दुसरीचा ‘किणकिणता’. तिसरीचा ‘क्रंची’. मग तिन्हींचे आलटून पालटून दर्शन. ‘हा जरा क्रीमी आहे’, ‘याचा मिडल भरीव आहे’, ‘याचा बॉटम सैल आहे’. मला प्रथम वाटले, हा एखाद्या बेकरीवाल्याशी बोलतो आहे, मग वाटले, शिंप्याशी. ज्या कलेची चर्चा कानाऐवजी जिभेने करावी लागते तिच्याबद्दल मला पूर्वीपासून संशय आहे. क्रंची म्हणजे काय? आमच्याकडे सांबारवडी क्रंची असते, आणि ती तशी आहे की नाही हे ठरवायला तीन वड्या शेजारी मांडून संध्याकाळभर बसावे लागत नाही.

आता या पेट्यांची कुळकथा ऐका, कारण खरी मौज तिच्यात आहे. अमेरिकेतल्या लिओ फेंडरने १९५०च्या दशकात बेस गिटारसाठी एक अॅम्प्लिफायर केला, त्याचे नावच ‘बेसमन’. खर्ज स्पष्ट ऐकू यावा म्हणून केलेली पेटी. तिच्यावर बेसवाल्यांऐवजी साधे गिटारवालेच तुटून पडले. लंडनमध्ये जिम मार्शल नावाचा ड्रमवाला दुकान चालवीत होता. त्याच्या दुकानातल्या मंडळींनी १९६२ साली हीच बेसमनची जोडणी समोर ठेवून आपली पेटी बनवली. स्पीकर निराळे, काही सामान इंग्रजी, पुढे व्हॉल्व्हही बदलले, आणि झाला ‘अस्सल ब्रिटिश आवाज’! म्हणजे आमचे चिरंजीव ज्या दोन घराण्यांतला जमीनअस्मानाचा फरक मला सांगत होते, ती दोन्ही एकाच आजीची नातवंडे. तिसरी पेटी व्हॉक्सच्या घराण्यातली. तिच्यात ईएल ८४ जातीचे चार छोटे व्हॉल्व्ह, मिळून तीसेक वॉट. बीटल्सनी ती वाजवली, त्यामुळे तिला सोवळे प्राप्त झाले आहे.

मी भाच्याला म्हटले, “तोंड भिंतीकडे कर.” त्याच्या मित्राला वाजवायला बसवले आणि पेट्यांच्या तारा मी स्वतः बदलल्या. दहा वेळा विचारले. अमेरिकन आणि इंग्रजी यांची अदलाबदल त्याने इतक्या आत्मविश्वासाने केली की नकाशे काढणाऱ्यांना घाम फुटावा. मग मी एका पेटीचा आवाज मुंगीच्या पावलाइतका वाढवला. लगेच ती ‘सगळ्यांत वॉर्म’ ठरली. आवाज किंचित मोठा असला की कानाला तो गोडच वाटतो, हे ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात. आमच्या बाजारातल्या रेडिओ दुकानदारांना ते न शिकवता येत असे. विकायचा सेट ते नेहमी बाकीच्यांपेक्षा जरा मोठ्याने लावीत.

भाचा चिडला. म्हणाला, “मामा, हा नुसता भ्रम नाही. याला शास्त्र आहे. इव्हन हार्मोनिक्स.”

आहे, शास्त्र आहे. आणि ते आपल्याला इंग्रजांपेक्षा लवकर कळेल असे आहे, कारण आपल्याकडे तंबोरा आहे. कुठल्याही यंत्रात मावेल त्यापेक्षा जास्त आवाज कोंबला की यंत्र आपल्या पदरचे स्वर घालू लागते. गायकाने षड्ज लावला की यंत्र त्यात दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरचा षड्ज मिसळते. तिप्पट कंपनांचा मिसळले तर वरच्या सप्तकातला पंचम येतो. पाचपटीचा मिसळला तर गंधार. इथवर सगळे घरचेच लोक. सातपटीचा मात्र कुठल्याच पट्टीत नीट न बसणारा, लग्नात घुसलेला परका. व्हॉल्व्ह भरला की हळूहळू वाकतो, त्यामुळे तो बहुतेक घरच्या माणसांनाच बोलावतो. ट्रान्झिस्टर भरला की विळ्याने कापावे तसा आवाजाचा शेंडाच छाटतो, मग परके फार येतात. रसेल हॅम नावाच्या इसमाने १९७३ साली माइकच्या अॅम्प्लिफायरवर असे प्रयोग करून एक निबंधच छापला, आणि तेव्हापासून व्हॉल्व्हवाल्यांची ती पोथी झाली आहे.

पण पोथी वाचणारे पुढचे पान उलटीत नाहीत. एक तर हे सगळे यंत्र ठासून भरल्यावरचे आहे, पोटभर जेवलेल्या यंत्राचे नव्हे. दुसरे म्हणजे, ज्या मोठ्या पेट्यांची ही मंडळी पूजा करतात, त्यांच्या शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्ह जोडीने असतात, एक ढकलतो आणि दुसरा ओढतो. या जोडणीत त्या टप्प्यात तयार होणारे दुपटीचे, चौपटीचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतात ते तिपटीचे, पाचपटीचे. म्हणजे ज्या ‘इव्हन’साठी नवस बोलायचा, ते देवळाच्या दारातच गळतात. आता बोला! आणि राहिलेच असेल तर १९८५ साली बॉब कार्व्हर नावाच्या अमेरिकन इंजिनियरने ‘स्टीरिओफाइल’ मासिकाच्या लोकांशी पैज लावून, त्यांनी निवडलेल्या महागड्या अॅम्प्लिफायरचा आवाज आपल्या साध्या ट्रान्झिस्टरच्या यंत्रातून एका हॉटेलात बसून हुबेहूब काढून दाखवला. मासिकवाल्यांना फरक सांगता आला नाही. यावर व्हॉल्व्हवाल्यांचे म्हणणे काय? तर पैज अयोग्य होती. हरलेल्या पैजा नेहमी अयोग्यच असतात.

इतके बोलूनही एक गोष्ट मी मोकळेपणाने देतो. गिटारवाल्याला व्हॉल्व्ह वापरायचा पूर्ण हक्क आहे. कारण त्याच्या हातात ती पेटी हे आवाज मोठा करायचे यंत्र राहतच नाही, ते वाद्यच होते. १९५१ साली मेम्फिसला आइक टर्नरच्या मंडळींच्या गिटारची पेटी वाटेत बिघडली, फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबून त्यांनी तसेच रेकॉर्डिंग केले आणि तो फाटका आवाज लोकांनी डोक्यावर घेतला. १९६४ साली लंडनच्या डेव्ह डेव्हिसने तर आपणहून ब्लेड घेऊन स्पीकरचा कागद चिरला. आपण तरी काय करतो? तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून तारेला मुद्दाम झणझणवतोच की. ती जवारी म्हणजे तारेचा दोषच, पण कमावलेला. भाच्याने आपल्या गिटारची जवारी काचेच्या नळीने काढली, तर मामाने जळफळायचे कारण नाही.

माझे भांडण पुढे सुरू होते. ही जवारीची हौस गिटार सोडून आता भोंग्याला लागली आहे.

पुण्यामुंबईकडून अलीकडे आमच्या बाजूला कलाप्रेमी लोक येऊ लागले आहेत. पूर्वी फक्त ताडोब्याला वाघ पाहायला येत, आता वाघ दिसला नाही तर झाडीपट्टीचे नाटक पाहतात. चांगली गोष्ट आहे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्याला झाडी म्हणतात, कारण झाडी आहे. दिवाळी झाली, धान कापून झाले, गावोगावी मंडई भरू लागली की नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीच्या आसपासपर्यंत. गडचिरोली जिल्ह्यात वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचे मुख्य ठाणे. तिथे नाट्यमंडळांच्या कचेऱ्या आहेत, आणि गावचे मंडळ तिथे जाऊन, लग्नाला वाजंत्री ठरवावी तसे, नाटक ठरवून येते. रात्री जेवणे उरकल्यावर पडदा वर जातो आणि उजाडता उजाडता खाली येतो. याच मातीतल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांना या रंगभूमीचा शोध लागला. इथल्या लोकांना तो शंभर वर्षांपूर्वीच लागला होता.

तर असेच एक रसिक, भाच्याचे स्नेही म्हणून माझ्याकडे उतरले होते. आदल्या रात्री ब्रह्मपुरीकडे नाटक पाहून आलेले. डोळे लाल. म्हणाले, “काका, नाटक सुंदर. पण आवाज फार डिजिटल वाटला हो. जुन्या व्हॉल्व्हच्या सेटवर काय माहोल असेल! ते परत आणायला हवे. ती झाडीपट्टीची आयडेंटिटी आहे.”

मी तांब्या खाली ठेवला.

त्या जुन्या सेटवर नाटके मी ऐकलेली आहेत. या गृहस्थांनी ऐकलेली नाहीत, म्हणून त्यांना आठवण येते. तो सेट तापायचा. एका ईएल ३४ जातीच्या व्हॉल्व्हची नुसती वात पेटवायला साडेनऊ वॉट लागतात. आवाज अजून निघालेला नाही, हा फक्त सरपणाचा खर्च. जोडी असली की एकोणीस. त्यात गावची वीज ‘डिम’. आज चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे, पण मी सांगतो त्या दिवसांत जंगलातल्या गावी दिवा आहे की नाही हे काडी ओढून पाहावे लागे. वीज डिम झाली की वात मंदावे आणि नायक ऐन स्वगतात घोगरा होई. एडी व्हॅन हेलन नावाच्या गिटारवाल्याने पुढे मुद्दाम यंत्र लावून पेटीची वीज कमी केली आणि त्या आवाजाला जगाने ‘ब्राउन साउंड’ म्हणून डोक्यावर घेतले. आमच्याकडे ब्राउन साउंड फुकट मिळत होता. आम्ही त्याला शिव्या देत होतो.

आणि ती ऊब बाहेर कुठून पडत होती म्हणे? व्हॉल्व्हच्या पुढे होता पत्र्याचा भोंगा. भोंग्यातून खर्ज येतच नाही, त्याच्या तोंडाला ते झेपत नाही. तो नाकात बोलतो. म्हणजे सेटच्या पोटात जी काही क्रीमी मलई जमली असेल ती पत्र्यावरच चिकटून राहायची आणि प्रेक्षकांच्या कानी पडायचे ते ताक. या रसिकांना हवा असलेला आवाज त्या काळी एकट्या सेटलाच ऐकू येत असावा.

बरे, ज्याला ते गोडवा म्हणतात तो नाटकात काय करतो ते पाहा. स्वरात आणखी दोन स्वर मिसळले तर गाणे भरीव होईल, कबूल. बोलण्यात मिसळले तर? माणसाच्या बोलण्याचा अर्थ व्यंजनांत असतो, आणि व्यंजने मुळातच बारीक, नाजूक. सेट ठासून भरला की स्वर फुगतात आणि व्यंजने चेंगरतात. मग खलनायक ‘मारीन’ म्हणाला की ‘तारीन’ हे मागच्या रांगेला कळत नाही. नाटकाच्या दृष्टीने हा फरक थोडाथोडका नव्हे. झाडीपट्टीचे नाटक संवादावर चालते, लांब, पल्लेदार, रडवणाऱ्या आणि लगेच हसवणाऱ्या संवादावर. आणि ते ऐकायला मागे, अगदी कनातीला टेकून, कडेवर मूल घेतलेल्या बाया बसलेल्या असतात. पुढची सतरंजी गावच्या मानकऱ्यांची. रसिक मंडळी पाहुणी, म्हणून त्यांना खुर्ची पहिल्या रांगेत. तिथे भोंग्याची गरजच नाही, नटाचा घाम उडतो इतके जवळ. तिथे बसून ‘माहोल’ची चौकशी करायला काही लागत नाही.

नटाच्या गळ्याचे तर कुणी बोलतच नाही. मंचावर वरून दोन-तीन माइक लोंबत असतात. त्यांच्या टप्प्यात राहायचे म्हणून प्रेम, भांडण आणि मृत्यू हे तिन्ही माइकखालीच उरकावे लागतात. मी एका नायिकेला मरता मरता चार पावले सरकून माइकखाली येऊन मरताना पाहिले आहे. टाळ्या पडल्या, आणि पडायलाच हव्या होत्या. सेट चांगला नसला की या लोकांना रात्रभर ओरडावे लागते. आज इथे, उद्या तीस मैलांवर, परवा आणखी कुठे. हंगाम संपेपर्यंत गळ्याची चाळण होते. हा जो ‘फाटका, कच्चा, अस्सल’ आवाज पाहुण्यांना मोह घालतो, तो पुष्कळदा यंत्राचा नसून नटाच्या गळ्याचा असतो. त्याची जवारी अशी काढणे मला मंजूर नाही.

कुणी म्हणेल, मग तुम्ही त्या डीजेच्या भिंतींचे वकील झालात. मुळीच नाही. त्या भिंतींपुढे उभे राहून माझा एक दात हलला आहे. तो आधीपासून हलत होता असे घरचे म्हणतात, पण कारण आवाजच. वरातीत तो धडधडाट चालतो, त्याला उबदारही म्हणता येत नाही आणि गारही. तो फक्त मोठा असतो. वाईट इतकेच, की कायद्याच्या काट्यावर वरातीचा धिंगाणा आणि रात्रभराचे नाटक एकाच पारड्यात पडतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वस्तीत रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा, आणि माणूस साधे बोलतो तेच साठाच्या आसपास. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली या बंदीवर पक्की मोहोर उठवली. शहरातल्या म्हाताऱ्यांना झोप लागावी म्हणून हे झाले आणि योग्यच झाले, मीही आता त्याच वर्गात मोडतो. राज्य सरकारला सणासुदीला वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. पण बारा वाजता नाटक थांबवा म्हणणाऱ्याने एकदा तिथे येऊन पाहावे. आमच्याकडे बारा वाजता नायकाचे लग्नही लागलेले नसते. आणि समजा थांबवले, तर शेजारच्या पाच गावांतून आलेले लोक, बाया, पोरे, त्या वेळी जंगलातून परत कुठल्या वाटेने धाडायची? इथल्या जंगलात वाघ आहे. तो माणसे मारतो, दर वर्षी मारतो, वर्तमानपत्रात आकडे येतात. नाटक उजाडेपर्यंत चालते यात नाट्यशास्त्र किती आणि शहाणपण किती याचा हिशेब मी अजून करतो आहे, पण मला शहाणपणाचे पारडे जड वाटते. ज्यांना झाडीपट्टीच्या आवाजाची एवढी काळजी आहे त्यांनी क्रीमी आणि क्रंची सोडून या दहाच्या ठोक्याबद्दल कुठे चार ओळी लिहिल्या तर मी त्यांना सांबारवडी खाऊ घालीन. त्यावर कुणी बोलत नाही. त्यात टोन नाही.

शिवाय व्हॉल्व्ह आणणार कुठून? आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी ते बनवले, पण तो काळ गेला. आता जगात ते रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन अशा मोजक्या ठिकाणी होतात. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले, रशियाने निर्यात रोखली, आणि पुण्यात माझ्या भाच्याला जेवण जाईना. रणगाडे तिकडे, उपास इकडे. त्याला परवडेल. वडशाच्या मंडळाने रशियाच्या भरवशावर मंडईची तारीख द्यायची काय?

त्या पाहुण्यांना एवढे सगळे ऐकवूनही त्यांचा उत्साह मावळला नाही. भाच्याला बोलावून घेतले, आणि दोघे मिळून मला घेऊन आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या माइकवाल्याकडे गेले. आरमोरीच्या बाजूला राहतो. चाळीस वर्षे गावोगावी सेट लावलेला माणूस. मिस्त्री म्हणतात सगळे. भाच्याने मोबाइलवर आपल्या पेटीचे चित्र दाखवले, घराणी समजावून सांगितली, किंमतही सांगितली. मिस्त्रींनी चष्मा वर करून पाहिले.

“किती वॉटचा आहे जी?”

“तीस.”

“किती लोकायले ऐकू जाते?”

भाचा म्हणाला, तसे नाही, हा घरात वाजवायचा, आणि तोही पूर्ण उघडला तर शेजारी तक्रार करतात, म्हणून अर्ध्यावर.

मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आवाज मोठा कराची मशीन घेतली, अन् आवाज लहान कराले बसले.” त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच समजून घ्यायचे होते.

पाहुण्यांनी मग मुद्द्याला हात घातला. तुमचा जुना व्हॉल्व्हचा सेट असेल ना? आम्ही विकत घेऊ, मागाल ती किंमत देऊ. मिस्त्रींनी परसातल्या छपरीकडे बोट केले. तिथे कडब्याच्या आडोशाला एक राखाडी पत्र्याची पेटी होती, वरचे झाकण नसलेली. भाच्याचे डोळे लकाकले. तो वाकून पाहायला गेला आणि आतून एक रागीट आवाज आला. अगदी स्वच्छ, कुठलाही जादा स्वर न मिसळलेला.

“हळू जी,” मिस्त्री म्हणाले. “कोंबडी बसून आहे त्याच्यात. पिल्लं निघू द्या, मंग घेऊन जा.”